मेजरचा गुडघा

पोळ्याच्या आठवड्यात शेजारच्या कुत्र्याला, ब्रूनोला, नागपूरहून घरी आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर गादी, गादीवर तो, आणि त्याचा मागचा एक पाय भादरून गुलाबी केलेला. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या दोन-चार बायका गेटाशी आल्या, 'लिगामेंट का?' म्हणाल्या, 'प्लेट टाकली का हो?' म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली तशा आत गेल्या. कोणाला काही विशेष वाटलं नाही. त्याला पाण्याच्या टाकीत चालवायचा व्यायाम आहे म्हणे, त्यासाठी पुन्हा पुन्हा नागपूर. मालकीणबाई हे सगळं कौतुकानं सांगत होत्या आणि मी त्या भादरलेल्या गुडघ्याकडे बघत उभी होते. मग एकदम नजर वळवली. "काकू, तुम्हाला टाके बघवत नाहीत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं नाही. मग कसं, ते गेटावर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

या दिवसांत वर्ध्याच्या बाजारात लाकडी नंदी रांगेनं मांडलेले असतात, पायांना चाकं लावलेले, डोळे रंगवलेले. दर वर्षी मी त्यांच्यासमोर उभी राहते आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे जाते. लाकडी नंदीला कसला आलाय गुडघा? पण माझ्या लग्नानंतरचा पहिला पोळा माझ्या डोक्यात गुडघ्यांनीच भरलेला आहे. त्या पावसाळ्यानं मला इतके धक्के दिले, की त्यांतले काही वयानं उतरले आणि एक अजून तिथंच बसला आहे.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. कॉलेजात सायन्सचं एक वर्ष कसंबसं करून मी उन्हाळ्यात लग्न होऊन नाचणगावला आले. पुलगावला अगदी खेटून गाव. नवरा देवळीच्या शाळेत मास्तर, सकाळच्या गाडीनं जाणार आणि दिवे लागल्यावर येणार. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघंच, सासरे, सासू आणि मी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. चौथा मेजर. पुलगावच्या लष्करी कॅम्पातल्या कोणा सुभेदाराची बदली झाली, तेव्हा जाताना तो हे कुत्र्याचं पिल्लू मामाजींच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, ठेवून गेला होता. त्याचं पुढे वासराएवढं धूड झालं. मामाजी जिथं, तिथं मेजर. आत्याबाई म्हणायच्या, लग्न मी केलं अन् संसार हा करून राह्यला.

मामाजी उंचेपुरे. सरळ रस्त्यानं चालत तेव्हा मागून पाहणाऱ्याला वाटावं, पाटील चालले. पण ते वळत नसत. अंगणातून न्हाणीकडे जायचं तर आधी तुळशीपर्यंत पुढे जाणार, मग बंडी वळवावी तसा मोठा गोल घेऊन परत येणार. मला वाटलं, चालण्याची ऐट आहे. आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर केला.

"ऐट कायची व बाई! ढोंग हाय ते. सरय तासात यायले काई होत नाई. धुऱ्यावर गेले, बैल वयवाची पाळी आली, का यायचा टोंगया दुखते. बसलेच खाली."

टोंगया म्हणजे टोंगळा, म्हणजे गुडघा. आमच्याकडे ळ ओठापर्यंत येता येता य होतो; पळालाचं पयाला, जळतंचं जयते. तास म्हणजे नांगराची रेघ, आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, जिथं नांगर वळवावा लागतो. हे सगळं गावाला पाठ होतं. कोणी कामाला टाळाटाळ केली की पारावर आवाज यायचा, "काऊन गा, टोंगया दुखून राह्यला का?" आणि हशा व्हायचा. मामाजी तिथंच बसलेले असले तर तेही हसायचे. सगळ्यांबरोबर, अगदी मनापासून. शेत त्यांनी गड्यांकडून करून घेतलं, बैलांची सेवा स्वतः केली, पण कुणब्याच्या गावात ज्याचा हात नांगराला लागत नाही त्याची पत किती, हे मी वेगळं सांगायला नको. ढोंगी हा शब्द त्यांच्या नावाला इतका चिकटला होता, की तो कोणी शिवी म्हणून वापरतच नव्हतं. गावात दोन नारायण असले तर एकाला काळा नारायण म्हणतात ना, तितक्या सहज म्हणायचे. आणि बाकीचं सोडा, ज्या बाईनं त्यांच्याशी जन्म काढला, तिचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता.

कपाशीची डवरणी, म्हणजे कोळपणी, चालली होती. मी शेतात भाकरी घेऊन गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि माती अशी, की चप्पल काढून हातात धरावी. पलीकडच्या ज्वारीतून रानडुक्कर निघालं, मेजर त्याच्या मागे. डुक्कर धुऱ्याशी एकदम वळलं. मेजरही वळायला गेला. पण भिजलेली काळी माती पाय सोडत नाही. मागचा पाय रुतलेलाच राहिला आणि अंग तेवढं वळलं. जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. कुत्रं भुंकतं, केकाटतं, विव्हळतं. हे त्यांतलं काही नव्हतं. माझ्या हातून भाकरीचं फडकं खाली पडलं.

मामाजी धावले नाहीत. त्यांनी उभ्या जागी स्वतःचा डावा गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरला. मला ते विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. मेजर तीन पायांवर उभा राहायला बघत होता आणि पडत होता.

घरी आणल्यावर आंबेहळदीचा लेप झाला, बिब्बा झाला, एका आजीबाईंनी येऊन दृष्टही काढली. काही दिवसांनी तो पाय टेकवू लागला. दारापासून गोठ्यापर्यंत सरळ चालायचा सुद्धा. मग कोंबडी आडवी गेली की तिच्याकडे वळायचा आणि धाडकन पडायचा. गडी म्हणाला, "काई नाई झालं त्याले. डुकराचा भेव बसला, म्हून ढोंग करून राह्यला." चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या, "घरच्यायचंच पाहून शिकला असन."

सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. मी त्यांना न हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंडी जुंपली, कुटाराचं, म्हणजे भुसकटाचं, पोतं अंथरलं, मेजरला त्यावर निजवलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, तू सायन्सवाली हायस ना? चाल माह्यासंगं."

पुलगावच्या त्या दवाखान्याला सगळे ढोरांचा दवाखाना म्हणत. तिथं बैल यायचे, म्हशी यायच्या, क्वचित बकरी. कुत्रं बंडीत घालून आणणारे आम्ही पहिलेच. रांगेतला एक जण आपली गाय सोडून आमच्याभोवती फिरून आला. "याले काय, खुरकूत झाली का?" असं त्यानं विचारलं. डॉक्टर मेश्राम कोवळे होते, नागपूरच्या कॉलेजातून नुकतेच आलेले, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी मात्र थट्टा केली नाही. मेजरला आडवं घातलं, एका हातानं मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हातानं खालची नळी, आणि खालचं हाड हळूच पुढे ओढलं. ते पुढे सरकलं. टेबलाचा खण उघडावा तसं. दुसरा पाय धरला, ओढला. तो जागचा हलला नाही.

"आतली दोरी तुटली आहे," डॉक्टर म्हणाले. "वरचं हाड अन् खालचं हाड बांधून ठेवणारी. सरळ चालला तर निभून जाते. वळला का हाड सटकते."

"वयला का?" मामाजींनी विचारलं.

"हो."

"सरय चालताना नाई?"

"तेवढं नाही."

"म्हंजे मानसाले वाटन, का याले काई झालंच नाई. ढोंग करून राह्यला."

"माणसाला काहीही वाटते, बापूजी," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "कुत्रा कायले ढोंग करंल?"

आता ते प्रश्न आठवले की मी हातातलं काम थांबवते. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं, की मामाजी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारताहेत आणि डॉक्टर कंटाळले आहेत. म्हातारी माणसं असतातच तशी, असं वाटलं.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. कुत्रं जड आहे, नुसतं ठेवलं तर जन्मभर लंगडेल, आणि सगळा भार दुसऱ्या पायावर आला की त्याचीही दोरी जाईल. मग ते बसूनच राहील. शिवता येतं. कॉलेजात दोनदा पाहिलं आहे, स्वतः केलेलं नाही. "तुमची तयारी असंल तर माझी आहे." मामाजी म्हणाले, "शिवा."

गावात बातमी अशी पसरली, जशी काही आमच्याकडे लॉटरी लागली. कुत्र्याचं ऑपरेशन! आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "मानसाले ताप आला त गोयी भेटत नाई, अन् कुत्र्याचा टोंगया शिवाले निंघाले!" त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण मामाजींनी बेत बदलला नाही. त्यांचं हे हट्टी रूप घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी वीज नव्हती. म्हणून बॅटरी धरायला मी. बेडूक फाडले होते या माझ्या भांडवलावर. कागदपत्रांचं टेबल रिकामं करून त्यावर रबरी चादर घातली होती. स्टोव्हवर पातेल्यात हत्यारं उकळत होती आणि त्यांच्यातच नदीवरच्या ढिवराकडून आणलेली, मोठे मासे धरायची जाड नायलॉनची दोरी. इंजेक्शन दिल्यावर मेजर निजला, पण डोळे उघडेच. त्या उघड्या डोळ्यांसमोर त्याचा पाय कापायचा, हे मला सहन होईना. मामाजींनी त्याच्या तोंडावर आपला दुपट्टा टाकला आणि डोकं मांडीवर धरावं तसं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

मग डॉक्टरांनी गुडघा उघडला. मला वाटलं होतं रक्त असेल, मांस असेल. ते थोडं होतं. पण त्याच्या आत जे दिसलं त्यानं मी हादरले. पांढरंशुभ्र, ओलं, मोत्यासारखं चमकणारं. चिखलात लोळणाऱ्या, शेणात नाक खुपसणाऱ्या त्या कुत्र्याच्या आत इतकी स्वच्छ जागा होती आणि ती कोणाला माहीत नव्हती. डॉक्टरांनी चिमट्यानं काहीतरी वर उचललं. सुंभाचं टोक पिंजून जावं तशी एक दोरी, अर्ध्यातच संपलेली.

"ही पाहा."

मामाजी इतके खाली वाकले, की डॉक्टरांना म्हणावं लागलं, "बापूजी, मागं व्हा." ते मागे झाले नाहीत. बॅटरीच्या उजेडात त्यांचा चेहरा मला जवळून दिसत होता. आपलं स्वतःचं काही हरवलेलं कोणी उचलून दाखवावं, तसे ते बघत होते. बघता बघता माझ्या हातातला उजेड त्यांच्याकडे सरकला, तेव्हा डॉक्टर माझ्यावरही ओरडले.

पिंजलेले धागे कापून काढले. नायलॉनची दोरी मागच्या बारक्या हाडाभोवती घालून पुढे खालच्या नळीला पाडलेल्या भोकातून ओवली, ताणून गाठ मारली. इतकंच. बैलाच्या जुवाला सापती, म्हणजे गळ्याची दोरी, बांधतात तसं काम होतं, फक्त जागा चिमणीच्या घरट्याएवढी. वर टाके घातले. मग पट्टी. डॉक्टर म्हणाले, कापूस कमी पडतो. कापूस! आम्ही नाचणगावचे लोक, आम्हाला म्हणतात कापूस कमी पडतो. मामाजींनी घरून सरकी काढलेल्या कापसाचं बोचकं आणलं होतंच. मेजरचा पाय उशीएवढा झाला.

पुढचं सगळं अवघड होतं ते बांधून ठेवण्याचं. उडी नाही, धाव नाही, जिना-पायरी नाही; दिवसातून थोडं चालवायचं, दावं आखूड धरून, सरळ. पोळ्यापर्यंत तरी. जन्मात दोरी न पाहिलेला कुत्रा छपरीत खुंटाला बांधला. पहिले काही दिवस तो दाव्याकडे बघायचा, मग मामाजींकडे बघायचा. भुंकला असता तर बरं वाटलं असतं. पाऊस होता म्हणून बाहेर नेताना पायावर युरियाची प्लास्टिकची पिशवी चढवायची, वरून सुतळी. गावातली पोट्टी हे बघायला दाराशी जमायची. एक जण येऊन गंभीरपणे विचारून गेला, याला चष्मा कधी लावणार.

रोज सकाळी मामाजी त्याला नदीच्या वाटेनं न्यायचे. मी अंगण सारवताना बघायची. एक दिवस हातातलं शेण तसंच राहिलं. ते दोघं परत येत होते. वाटेत कोणाची तरी गाय आडवी बसली होती, तिला वळसा घालायला हवा होता. मेजर थांबला, बारीक बारीक पावलं टाकत मोठा गोल घेऊन फिरला. मामाजीही थांबले, बारीक बारीक पावलं टाकत मोठा गोल घेऊन फिरले. डावा पाय यांचा, डावा पाय त्याचा. मी अशी उभी राहिले, की आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय झालं व? भूत पाह्यलं का?"

मी म्हटलं, काही नाही. पण नजर त्या दोन पायांवरून हलेना. असं कसं असेल? असेल तर मग... ते 'मग' मी मनातही पूर्ण केलं नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा श्रावण संपत आला होता. रांगेत पोळ्याआधी शिंगं साळून घ्यायला आणलेले बैल होते. डॉक्टरांनी मेजरचा पाय धरला, पुन्हा तसाच खण ओढून पाहिला. हाड हललं नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं. "बसली! बापूजी, दोरी बसली!" मलाही रडू की हसू असं झालं. तेवढ्यात मामाजी बाकावर टेकले, त्यांनी धोतराचा सोगा वर ओढला, डावा पाय लांब केला आणि म्हणाले,

"आता हे पाहा बरं."

डॉक्टर गोंधळले. "बापूजी, मी ढोरांचा डॉक्टर आहो."

"म्हूनच म्हनतो. मानसायच्या डॉक्टरनं कवा हात लावून नाई पाह्यला. जसं त्याचं पाह्यलं तसंच पाहा."

बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग ते खाली बसले. एक हात मांडीवर, एक हात नळीवर. हळूच पुढे ओढलं.

सरकलं. मेजरचं सरकलं होतं त्याहून जास्त.

डॉक्टरांनी हात काढले नाहीत. पुन्हा मागे ढकललं, पुन्हा ओढलं.  माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या सासऱ्याच्या पायातलं हाड खणासारखं उघडत होतं आणि मिटत होतं.

"कधीची आहे ही?"

"सोया-सतराचा असन मी. नांगर धरला होता. धुऱ्यावर पाय रुतला."

"अन् तेव्हापासून असेच चालता? बापूजी, नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवू. या वयात कितपत होईल मला सांगता येत नाही, पण..."

"मले शिवून नाई घ्याचं," मामाजी म्हणाले. "मले फकस्त इचाराचं होतं. हाय ना? खरंच तुटलं हाय ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तुटलेली आहे. पूर्ण."

मामाजींनी धोतर खाली केलं. "बरं झालं," म्हणाले. त्यांचा आवाज इतका हलका होता, की दुखणं सापडलेल्या माणसाचा तो आहे असं कोणाला वाटलं नसतं. परतीच्या वाटेवर त्यांनी एका हातात कासरा धरला होता. दुसरा हात मेजरच्या डोक्यावर ठेवून बसले होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून रडत होते. मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. मातीचा, गावाचा, पारावरच्या हशाचा. आणि मामाजींचाही. इतकी वर्षं तुम्ही लोकांबरोबर हसलात कसे?

अजूनही मी याच प्रश्नापाशी येऊन अडकते. माणूस आपल्याच दुखण्यावर हसायला कसा शिकतो? मला वाटतं, कोणी खरं मानत नाही म्हटल्यावर हळूहळू त्याचं त्यालाही खरं वाटेनासं होतं. मामाजींना स्वतःलाच शंका आली असेल. रोज दुखतं आहे आणि रोज सगळे म्हणताहेत दुखत नाही. सगळे म्हणजे आई, बाप, भाऊ, बायको. एवढी माणसं खोटी आणि मी एकटा खरा, असं कोण म्हणेल? कुत्र्याचं बरं. त्याला बोलता येत नाही म्हणून निदान कोणीतरी हात लावून पाहतं.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. नव्या सुनेनं इतकं बोलू नये, पण मी बोलले. त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. ऐकत राहिल्या, खडे वेचत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तांदूय वेचाचे हायेत अजून." बस. मी चिडून उठले. दगड आहे ही बाई, असं मनात म्हटलं. पण त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून ढोंग हा शब्द मी ऐकला नाही. मामाजी गोल घेऊन न्हाणीकडे यायचे, तेव्हा वाटेतली बादली त्या न बोलता बाजूला करायच्या.

पोळा आला. बैल धुतले, शिंगांना बेगड लागली, पाठीवर झुली चढल्या. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची चटकदार कवनं, म्हणून झाल्या, 'हर बोला' झालं, बैल दारोदार पूजा घेऊन गोठ्यात आले. मेजरचे केस पुन्हा उगवत होते. तो दाव्याला बांधलेला पण चारही पायांवर उभा राहून सगळा थाट बघत होता.

पोळ्याचं जेवण सगळ्या भाऊबंदांचं एकत्र, त्या वर्षी आमच्याकडे. पंगतीत वरच्या पाटावर मामाजींचे थोरले भाऊ. त्यांना मी मोठे मामाजी म्हणायची. त्यांच्याशेजारी मामाजी, मग माझा नवरा, मग चुलत घरची माणसं. वाढायला आत्याबाई आणि मी. आमच्यात बाई भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून मोठ्या मामाजींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना काही सांगायचं तर भिंतीला सांगायच्या. आताही पदर पार नाकापर्यंत ओढून त्या तुपाची वाटी घेऊन फिरत होत्या.

पुरणपोळी पोटात गेली तशी मोठ्या मामाजींना लहर आली. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तुह्या सासऱ्याची गोष्ट सांगतली का तुले कोनी? नाई? अवं, दर पोयाले आमी सांगतो. आयक. आमचा बाप लय कडक. हा तवा असाच पोरसवदा. नांगर धुऱ्यावर नेला का हा खाली बसे. उठेच ना! बाप म्हने, कामात बसनाऱ्या बैलाले कसं उठोतेत? तसंच याले उठवू. खुरपं तापोलं लाल. मी याचे दोन्ही पाय धरले. बापानं लावलं टोंगयाले... अन् काय सांगू तुले, हा असा पयाला, असा पयाला, का पार नदीवर! म्हने चालता येत नाई!"

पंगत हसली. दर वर्षी हसत असेल तशी. माझा नवराही हसला, लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीला हसतात तसा. मामाजींच्या चेहऱ्यावरही ते ठरलेलं हसू आलं. आणि मला एकदम आठवलं, दवाखान्यात धोतर वर केलं तेव्हा त्यांच्या गुडघ्याच्या बाजूला एक चकाकती, आवळलेली जागा दिसली होती. मला वाटलं होतं, कधी बिब्बा उतला असेल. माझ्या हातातलं कढीचं भांडं कलंडलं, कढी पायावर सांडली, आणि ती गरम होती हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात कोणीतरी बोललं. मला आवाज ओळखू आला नाही. पंगतीतल्या कोणालाच आला नसावा, कारण सगळे इकडेतिकडे बघू लागले.

"हात लावून पाहा. मंग हासा."

आत्याबाई होत्या. पदर तसाच नाकापर्यंत, तुपाची वाटी हातात, आणि तोंड भिंतीकडे नाही, थेट भासऱ्याकडे. मोठ्या मामाजींच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भावजयीचा आवाज समोरून ऐकला होता. ते भावाकडे वळले, "काय म्हनते हे?"

मामाजींनी ताट बाजूला सारलं. पाटावरून डावा पाय लांब केला, धोतर वर घेतलं. मोठ्या मामाजींचा हात ताटाबाहेर घेऊन त्यावर स्वतःच तांब्यातलं पाणी घातलं, पुसला. मग त्यांचा एक हात आपल्या गुडघ्याच्या वर ठेवला, एक खाली. "आता पुढं वढ. हयू."

मोठ्या मामाजींनी ओढलं. हाड सरकलं. त्यांनी दचकून वर पाहिलं, पुन्हा ओढलं, पुन्हा सरकलं. 

"हे असं काऊन होते?"

"तुटलं हाय आत, दादा. तवापासून."

"पन मंग..." त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग तू पयाला कसा? मी सोता पाह्यलं. तू पयाला होता."

"पयालो ना," मामाजी म्हणाले. "जयत होतं, दादा."

कोणी जेवत नव्हतं. मोठ्या मामाजींचे दोन्ही हात त्या गुडघ्यावर होते आणि ते काही केल्या त्यांना काढता येत नव्हते.